आक्काची रेघ, आमची पाठ

आमच्या काचेच्या कारखान्यात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण कोणी मोडत नसे. कोणी काचेवर हिरा टेकवला की बाकीच्यांनी गप्प व्हायचं. हिरा म्हणजे काच कापायचं कटर. त्यात हिरा वगैरे काही नसतो, टोकाला बारीक पोलादी चाक असतं. जुने लोक हिरा म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. तर हिरा टेकला की घासायचं यंत्र बंद, हातोडी खाली, खोकला आला तर गिळायचा. रेघ पलीकडच्या काठाला पोचली की पुन्हा गोंगाट सुरू.

नवीन माणसाला वाटायचं, हा कापणाऱ्याचा मान. मान कसला? रेघ नीट चालली आहे की नाही हे आवाजावरून कळतं. चांगली रेघ कापड फाडल्यासारखी एकसारखी सरसरते. जोर जास्त झाला की करकरते, कमी झाला की मध्येच मुकी होते. आणि एकाच रेघेवर दुसऱ्यांदा हिरा फिरवता येत नाही. फिरवला तर काच वाटेल तिकडे फुटते. म्हणजे सावरायचं ते चालत्या रेघेत, ऐकत ऐकत. म्हणून ती शांतता.

हा नियम आम्ही एकदा मोडला. रोज मोडला, आणि प्रेमानं मोडला. आक्काच्या बाबतीत.

आक्का आमच्याकडची सगळ्यांत चांगली कापणारी. सरळ कापायला पट्टी असते, ते मन लावलं तर कोणालाही येतं. गोल, कमान, वळणं हे सगळं मोकळ्या हातानं कापावं लागतं, आणि ते सगळं तिच्या टेबलावर जायचं. मी शेजारच्या टेबलावर. मी वयानं मोठा, ती मला दादा म्हणायची, पण वळणाचं काम आलं की मीच ते तिच्याकडे सरकवायचो. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. काम नीट व्हावं, कोणाच्या हातून झालं हे नंतर.

ती आली तेव्हा काचा धुवायला होती. दुपारच्या सुट्टीत टाकाऊ तुकडे घेऊन कोपऱ्यात रेघा मारत बसायची. आम्हा दोघांना शिकवलं ते एका म्हाताऱ्या उस्तादानं. त्यांची शिकवायची पद्धत अशी की ते आमच्याकडे पाठ करून बसायचे. स्टुलावर, भिंतीकडे तोंड, हातात चहा. आम्ही मागे रेघ मारायची.

"करकरली," ते म्हणायचे. किंवा, "मध्ये डुलकी लागली का?" किंवा फार झालं तर, "हं, आता बरी."

कोपर कुठे ठेवायचं, मनगट कसं धरायचं, बोटानं किती दाबायचं, यातलं एक अक्षर त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारा आळशी आहे. आक्का एकदा तोंडावर म्हणाली, "उस्ताद, एकदा वळून बघा तरी. मी हिरा उलटा धरलाय की सुलटा, हे तरी कळू दे."

"उलटा धरला असतास तर ऐकू आलं असतं," उस्ताद म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

आक्का तिच्या टेबलाबाबत भलतीच कडक होती. हातभर लांबीचं काम असो की पुरुषभर उंचीचं, संपलं की टेबल पुसून लख्ख. त्यावर कोणाचा डबा, कप, टेप काही चालायचं नाही. आमच्याकडे काठ घासणारा एक जण होता. त्याचं यंत्र आणि त्याचं तोंड, दोन्ही दिवसभर चालायचं, म्हणून त्याचं नाव खरखर पडलं होतं. त्यानं एकदा चहाचा भरलेला कप तिच्या टेबलावर ठेवला. आक्कानं तो शांतपणे उचलला आणि त्याच्या यंत्राच्या पाण्यात सोडला. खरखर म्हणाला, "आक्का, त्यात साखर होती गं." ती म्हणाली, "मग आता काठ गोड येतील."

अपघात झाला तो कापताना नाही. काचा उभ्या ठेवायच्या घोडीवरून एक जुना आरसा काढताना तो मधोमध तडकला आणि खालचा तुकडा तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून गेला. बोट वाकवणारी दोरी तुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती जोडली. मग पट्टी, मग व्यायाम, मग आणखी व्यायाम. ती परत कामावर आली तेव्हा बोट दिसायला धड होतं. वाकायचंही, पण अर्ध्या टोकाला स्पर्श कळत नव्हता. हिऱ्यावर जोर देतं ते हेच बोट.

तिच्या नवऱ्याला आम्ही सगळे दाजी म्हणायचो. दाजी बस चालवायचे. त्यांनी आगारातल्या मोडीत निघालेल्या सीटचं लाल कातडं आणून बोटाला घालायची टोपी शिवली. जाड दोऱ्यानं, स्वतःच्या हातानं. पहिल्या दिवशी तिला सोडायला आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, जरा लक्ष ठेवा. ती सांगायची नाही, पण घाबरलीय."

आम्ही लक्ष ठेवलं. फारच ठेवलं. तिनं हिरा उचलला की कोणीतरी म्हणायचंच, "आक्का, बोट!" यंत्र बंद करून खरखर ओरडायचा, "बोट सांभाळ गं!" पॅकिंगवाला जाता जाता म्हणायचा, "सावकाश, बोट बघ." सगळ्यांच्या नजरा त्या लाल टोपीवर. आणि तिची नजरही तिथेच. टोक कळत नव्हतं म्हणून डोळ्यांनी पाहायची, नीट दाबलंय ना, घसरत नाही ना. खांदा कानापर्यंत चढलेला, ओठ दातांखाली, अंगठा पांढरा पडलेला.

रेघ करकरायची. मग मुकी व्हायची. मग पुन्हा करकरायची. केसासारखी बारीक हवी ती रेघ पांढरी भुकटी सांडत जायची, आणि काच रेघेवर तोडायला गेलं की चीर वळण सोडून सरळ बाहेर. तुकडा टाकाऊ काचेच्या पिंपात. पुढची काच. पिंपात.

मेहनतीचं कौतुक करण्यात माझा हात आखडता आहे, मी सहजासहजी कोणाला शाबासकी देत नाही. जो शिकत नाही तो पुरेसं करत नाही, असं माझं साधं मत होतं. पण इथे मेहनतीला नाव ठेवायला जागा नव्हती. ती आमच्या आधी यायची, आमच्या नंतर जायची. घाम गळत होता आणि रेघ बिघडत होती. जितकी जास्त सांभाळायची तितकी जास्त बिघडत होती. हे मला समजेना.

मालक तरुण होता. वडील गेल्यावर कारखाना त्याच्याकडे आला होता. माणूस वाईट नव्हता, काळजीखोर होता. त्यानं आक्काला थोडे दिवस काचा धुवायला सांगितलं. "बोटाला आराम," म्हणाला. तिच्या टेबलावर हळूहळू सामान साठायला लागलं. आधी कोणाची तरी टेप. मग पुठ्ठे. मग खरखरचा कप. माझा डबाही मी तिथेच ठेवायला लागलो, कारण जागा होती. ती धुण्याच्या हौदाजवळून बघायची आणि मान फिरवायची. पूर्वीची आक्का असती तर माझा डबा रस्त्यावर गेला असता.

अशात वाचनालयाचं काम आलं. तिथे जिन्यावर एक उंच खिडकी आहे, वरच्या बाजूला कमान. त्या कमानीतली काच फुटली होती. काच साधी नव्हती. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं पाण्याच्या लाटा उठल्यासारखी. तसली आता कोणी बनवत नाही. मालकाच्या वडिलांनी कधीकाळी गोदामात मागे सरकवून ठेवलेली एक शीट निघाली. एकच.

"दादा कापतील," मालक म्हणाला.

आक्का हौदापासून ओल्या हातानं पुढे आली. "कमान माझ्या टेबलावर जाते."

"आक्का, एकच शीट आहे."

"एकपर्यंत मला मोजता येतं, मालक."

खरखर हसला आणि मग नको तिथे हसलो हे कळून यंत्र पुसायला लागला. मालकानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "ठीक आहे. साध्या काचेवर मला एक कमान काढून दाखवा. अखंड. आठवड्यात. जमली तर ही शीट तुमची. नाही जमली तर दादा कापतील, आणि तुम्ही धुण्याचंच काम बघा. कायमचं म्हणतोय मी. तुम्ही रोज पिंप भरत होतात, ते मलाही बघवत नव्हतं हो."

त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. ती "बरं" म्हणाली आणि हौदाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिला बोटाच्या व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं. दाजींची ड्यूटी होती. आक्का मला म्हणाली, "दादा, तू चल. त्या बाई बोलतात ते मला बाहेर आलं की आठवत नाही. कोणीतरी ऐकायला पाहिजे."

दवाखान्याची ती खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला रबरी पट्ट्या लटकवलेल्या, खिडकीत एक कुंडी. फिजिओथेरपीच्या बाई आक्कापेक्षा लहान, केस वर बांधलेले, आवाज मोकळा. मी कडेच्या बाकावर बसलो.

"बोटाचं टोक वाकवा," बाई म्हणाल्या.

आक्का बोटाकडे बघायला लागली. बोट थरथरलं, अर्धवट वाकलं. मनगट ताठ, खांदा वर, ओठ दातांखाली. हुबेहूब कारखान्यातल्यासारखं.

"पुन्हा."

पुन्हा तेच.

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि मान न उचलता म्हणाल्या, "तेवढं त्या कुंडीला पाणी मारता का? फवारा तिथेच आहे. पानांवर मारा, खालच्या बाजूनं पण."

आक्का उठली. फवाऱ्याची बाटली उजव्या हातात घेतली आणि पानांवर मारायला लागली. फस, फस, फस. एक पान उचलून खालून मारलं. कुंडी थोडी फिरवली, मागच्या बाजूला मारलं. खांदा खाली होता. मी बघत होतो आणि मला कळायला वेळ लागला की मी काय बघतोय. फवाऱ्याचा घोडा ती त्याच बोटानं ओढत होती. पूर्ण वाकवून. लाल टोपीसकट.

बाई हसत होत्या. "हे बोट वाकत नाही ना?"

आक्कानं फवाऱ्याकडे पाहिलं, मग बोटाकडे. बोटाकडे पाहिल्याबरोबर फवारा अडकला.

"बघितलंत? आता बोटाकडे पाहिलंत आणि गेलं. पानाकडे बघत होता तोवर चाललं होतं."

"तुम्ही मला फसवलंत," आक्का म्हणाली.

"सगळ्यांना फसवते. ते झाड दिवसातून इतक्या जणांच्या हातचं पाणी पितं की आत्तापर्यंत तीन कुजली. हे चौथं."

मी न राहवून विचारलं, "बाई, मग इतके दिवस बोटाकडे बघा, बोटाकडे बघा, हे कशाला?"

"टाके ताजे होते तेव्हा बघायलाच हवं होतं. तेव्हा ते चुकून जास्त वाकलं असतं तर दोरी पुन्हा तुटली असती. आता ती धरलीय. आता बोटाला एकेक हुकूम देत बसलं की ते अवघडतं. शरीराला काम सांगायचं, पान भिजव, दार उघड. बोट कसं वाकवायचं ते त्याचं ते बघून घेतं." मग आक्काकडे वळून म्हणाल्या, "काच कापताना तुम्ही आधी कुठे बघायचात?"

"काचेकडे."

"काचेत कुठे?"

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. इतकी वर्षं काच कापली, पण आपण बघतो कुठे, हे मला सांगता येईना.

"मला काचेतलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "ते तुम्हीच शोधा. पण बोट सोडून दुसरीकडे कुठेतरी."

सकाळी कामावर गेल्यावर मी एक साधी पट्टी कापायला घेतली. असली पट्टी मी गप्पा मारत कापतो. म्हटलं, बघू तरी आपलं बोट काय करतं. हिरा टेकवला आणि बोटाकडे बघत निघालो. अर्ध्यात करकर. पट्टी वाकडी फुटली. मी दुसरी घेतली. तीही गेली.

यंत्र बंद झालं. खरखरनं मान वर काढली. "दादा, तुझ्या पण बोटाला लागलं का?"

मी त्याला बाईंचं सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, "असं कुठे असतं का? मी बघ." आणि काठ घासताना आपल्या दोन्ही मनगटांकडे बघत राहिला. काठ असा नागमोडी आला की वाचनालयाच्या काचेवरच्या लाटा बऱ्या. पॅकिंगवाल्यानं हातोडी मारताना हाताकडे बघितलं आणि खिळा वाकवला. दुपारपर्यंत पिंप भरलं. मालक आत आला, पिंपाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"आज काय आहे? आक्का सोडून सगळ्यांचंच गेलं का?"

हौदाजवळून हसायचा आवाज आला. ती परत आल्यापासून मी तो पहिल्यांदा ऐकला.

मग आम्ही नीट कामाला लागलो. मी रेघ मारायची आणि खरखरनं माझ्या हाताकडे नाही, डोळ्यांकडे बघायचं. तो टेबलाच्या पलीकडे वाकून माझ्या तोंडासमोर तोंड आणून उभा. रेघ मारणं सोपं नव्हतं.

"तू चाकाकडे बघतच नाहीस," तो म्हणाला. "चाकाच्या पुढे. वीतभर. रेघ जिथे पोचायची आहे तिथे."

"आणि कान?"

"कान दिसत नाहीत कुठे बघतात ते."

पण कान कुठे असतात ते मला माहीत होतं. कान चाकाखाली असतात. आणि तेव्हा मला भिंतीकडे तोंड करून चहा पिणारे उस्ताद आठवले. ते आळशी नव्हते. आमचे हात त्यांनी बघितले असते तर आम्हीही बघितले असते.

संध्याकाळी कारखाना रिकामा झाला तेव्हा मी आक्काला थांबवलं. माझ्या टेबलावर साध्या काचांवर शाईनं कमानी काढून दिल्या. म्हटलं, "वीतभर पुढे बघ. बाकी आवाज." आणि स्टूल ओढून तिच्याकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड. हातात चहा मात्र नव्हता.

"हे काय?" ती म्हणाली.

"उस्ताद झालोय."

"दिसतंय. टक्कल तेवढं आहे."

पहिली रेघ करकरली. "करकरली," मी म्हणालो. दुसरी थोडी कमी. तिसरी पुन्हा तशीच. चांगलं काही एकदम होत नाही. बराच वेळ गेला आणि मग मागे काही टाकल्याचा आवाज आला. वळणार होतो, पण नाही वळलो.

"काय झालं?"

"टोपी काढली. लाल आहे ना, कडेनं सारखी डोळ्यात येते. रेघेकडे बघायला गेलं की तीच दिसते."

"दाजी काय म्हणतील?"

"त्यांना काय म्हणायचंय? त्यांच्याकडे अख्खी बस आहे."

पुढची रेघ सुरू झाली. सरसर. वळणावर थोडी जाड झाली, मग परत सरसर. शेवटापर्यंत.

मी उस्ताद म्हणायचे तेवढंच म्हणालो, "हं, आता बरी."

त्या आठवड्यात ती रोज थांबली. सगळ्या रेघा चांगल्या आल्या असं नाही. दमली की नजर पुन्हा बोटावर जायची आणि आवाज लगेच सांगायचा. तेव्हा मी तिला घरी पाठवायचो. दमून केलेली मेहनत फुकट असते, हे मी तेव्हाच शिकलो, म्हातारपणी. मालकाला तिनं साध्या काचेची कमान दाखवली ती आठवडा संपायच्या आत. त्यानं ती उजेडात धरली, कड न्याहाळली आणि म्हणाला, "शीट मधल्या टेबलावर घ्या."

मोठी शीट कापायला मधलं मोठं टेबल होतं, वर जाड कापड घातलेलं. आम्ही चौघांनी शीट उचलून ठेवली, लाटा खाली, गुळगुळीत बाजू वर. आक्कानं कमान आखली. हिऱ्याचं चाक रॉकेलच्या बाटलीत बुडवलं. सगळे टेबलाभोवती गोळा झाले. मालक, पॅकिंगवाला, खरखर. दाजीही आले होते, खाकी कपड्यांतच, फेरीच्या मधल्या वेळात. सगळ्यांचे डोळे कुठे होते ते सांगायला नको.

आक्कानं हिरा उचलला. ठेवला.

"सगळ्यांनी तिकडे तोंड करा," ती म्हणाली.

"म्हणजे?" मालकानं विचारलं.

"पाठ करा माझ्याकडे. सगळे. मालक, तुम्हीसुद्धा."

"आक्का, शीट एकच..."

"तुम्ही बघितलंत म्हणून दोन होणार आहेत का?"

आम्ही वळलो. खरखर त्याच्या यंत्राकडे तोंड करून, दाजी दाराकडे, मी भिंतीकडे. मालकाच्या वाट्याला कॅलेंडर आलं. तो निमूटपणे तारखा वाचत उभा राहिला. कारखान्यात पूर्वीची शांतता झाली. अशी शांतता मी ती परत आल्यापासून ऐकली नव्हती.

हिरा टेकल्याचा बारीक टक आवाज. मग सरसर.

डोळ्यांनी बघत असतो तर मी इतका घाबरलो नसतो. आवाज डावीकडून निघाला, वर चढत गेला. एकसारखा. जिथे कमान वळते तिथे हात फिरवून उभं राहावं लागतं, तिची पावलं कापडाच्या कडेनं सरकली. आवाज पातळ झाला. अगदी पातळ. माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात खरखरचे खांदे वर गेले. दाजींनी श्वास घेतला तो सोडलाच नाही. माझ्या जिभेवर शब्द आला होता. नुसतं "आक्का" म्हणालो असतो तरी तिची नजर बोटावर गेली असती. मी जीभ दातांखाली धरली.

आवाज परत भरला. सरसर. उतरत उतरत उजवीकडे. टक. चाक काठावरून सुटलं.

"वळू का?" खरखर कुजबुजला.

"थांब."

मग तिनं बाहेरच्या वाया जाणाऱ्या भागावर आडव्या छोट्या रेघा मारल्या. त्या भराभर आल्या. मग शीट थोडी पुढे ओढल्याचा आवाज, आणि हिऱ्याच्या दांड्यानं खालून हलके ठोके. टक, टक, टक. काचेतून चीर धावली की तिचा एक आवाज होतो, थंड पाण्यात बर्फ टाकल्यासारखा. तो झाला. वळणाच्या जागेवरून पुढे गेला. पक्कडीनं एक तुकडा सुटला. दुसरा. तिसरा. पिंपात पडताना ते वाजले. शेवटचा तुकडा जरा अडला, मग तोही पडला.

आणि मग काही नाही. कोणी वळेना.

"झालं," आक्का म्हणाली.

आम्ही वळलो. टेबलावर कमान होती. अख्खी. कड केसासारखी. आक्का एका हातानं टेबलाला धरून उभी होती. दाजी नाक पुसत होते आणि बाहेर धूळ फार आहे असं म्हणत होते. खरखर इतका वेळ गप्प राहिल्याची भरपाई करत सुटला होता, त्याचं काय चाललं होतं ते कोणालाच कळत नव्हतं. मी स्टुलावर बसलो. मला वाटलं, मणभर ओझं कोणीतरी पाठीवरून उतरवलं.

दाजींनी आक्कानं बाजूला काढून ठेवलेली लाल टोपी उचलली. "ही नको का आता?"

"ठेवा. काचा उचलताना घालीन. कापताना नाही."

"मी चांगली चार दिवस शिवली होती गं."

"म्हणून तर सारखी तिच्याकडेच बघत होते."

ते लाजले. खरोखर लाजले, बसचालक माणूस.

आक्का मग तिच्या टेबलाकडे गेली. पुठ्ठे उचलले आणि पॅकिंगवाल्याच्या हातात दिले. टेप खिळ्याला अडकवली. खरखरच्या कपाकडे नुसतं बघितलं. त्यानं धावत येऊन तो उचलला आणि छातीशी धरला.

"दादा, तुझा डबा."

"जरा वेळ..."

"डबा."

मी डबा उचलला. तिनं फडकं ओलं केलं आणि टेबल पुसायला घेतलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन वेळा. मग हात पुसत मालकाला विचारायला मान वर केली, पुढचं काम काय आहे म्हणून.

मालक अजून कॅलेंडरकडे तोंड करून उभा होता.

"मालक," खरखर म्हणाला, "वळा हो. झाली केव्हाच."

"फुटली नाही ना?" तो भिंतीलाच विचारत होता.

"फुटली असती तर ऐकू आलं असतं," आक्का म्हणाली.